पाळ कोणाची, पाणी कोणाचे, मासळी कोणाची?

लाटा थोपवण्यासाठी किनाऱ्यावर दगड रचावेत आणि काही वर्षांत त्या दगडांच्या फटींत कालवे, खेकडे व मत्स्यबीज यांनी आपला संसार थाटावा, हा जगभरच्या बंदरांचा अनुभव आहे. मुंबईत सागरी किनारा रस्त्याचे काम चालू असताना वरळी आणि हाजी अली येथील प्रवाळांच्या वसाहती २०२० साली उचलून अन्यत्र न्याव्या लागल्या. त्याच रस्त्यावरील पुलाच्या खांबांतील अंतर वाढवून मिळावे म्हणून वरळीच्या कोळ्यांना झगडावे लागले. पाणी अडवणारी भिंत ही केवळ भिंत राहत नाही. तिच्या आश्रयाने जीवसृष्टी वाढते आणि त्या जीवसृष्टीवर माणसे जगतात. मात्र भिंतीचा आराखडा ठरवताना त्या माणसांना कोणी विचारीत नाही.

हाच प्रश्न समुद्रापासून शेकडो मैल दूर, चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीत पिढ्यान्‌पिढ्या उभा आहे. गोंड राजांच्या आश्रयाने, विशेषतः कोहळी समाजाच्या कौशल्यातून, भाताला पाणी देण्यासाठी येथे मातीच्या पाळी घालून तलाव आणि बोड्या बांधल्या गेल्या. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. ‘मामा तलाव’ हे त्यांचे सरकारी दप्तरातील लाडके नाव.

तलावाचे प्राण त्याच्या उथळ काठात असतात. पहिल्या पावसात मासे याच उथळ पाण्यात अंडी घालतात. मरळ पाणगवताच्या आडोशाला घरटे करते. कमळपक्षी तरंगत्या पानांवर पिले वाढवतो. वरच्या तलावाचा सांडवा वाहू लागला की खालच्या तलावातील मासळी प्रवाहाविरुद्ध चढते. शिंगाडा, देवधान, कमळकंद ही गरिबाच्या घरची पुरवणी याच काठावर पिकते. धीवर समाजाची चूल या सृष्टीवर पेटते.

मालगुजारीचे गुणगान करण्याचे मात्र काही कारण नाही. पाळीवर माती टाकणारे हात कष्टकऱ्यांचे होते आणि तलावाचा धनी मालगुजार होता. १९५० च्या कायद्याने ही मध्यस्थी संपवली, हे न्याय्यच झाले. परंतु तलाव मालगुजाराकडून सुटले ते गावाकडे न येता सरकारकडे गेले. पाण्यावरचे निस्ताराचे हक्क कागदावर राहिले, पण पाळीची डागडुजी करण्याची जबाबदारी घेणारा गावात कोणी उरला नाही. गाळ साचला, पाळी खचल्या, बेशरमाने काठ गिळले. सरकारीकरण म्हणजे समाजीकरण नव्हे, हा धडा समाजवाद्यांनी या तलावांपासून घ्यावयास हवा.

आता दुरुस्तीचा उत्साह आला आहे, तोही कंत्राटाच्या मापाने. किती घनमीटर गाळ काढला यावर देयक निघते. म्हणून यंत्राने तलावाचा उतरता काठ कापून उभ्या कडांचा खड्डा केला, तरी हिशेब पुरा होतो. त्या खड्ड्यात पाणी अधिक मावेल. पण मासळीने अंडी कोठे घालावीत? मत्स्यव्यवसायाच्या योजनांनी रोहू, कटला, मृगळ यांचे बीज सोडण्यावर भर दिला. गावच्या मरळ-शिंगीची गणना त्यात उपद्रवी मासळीत झाली. दोन्हींच्या मुळाशी एकच दृष्टी आहे: तलाव म्हणजे उत्पादनाची टाकी.

दुसरी वाट उपलब्ध आहे. शेजारच्या भंडारा-गोंदिया भागात धीवर स्त्री-पुरुषांनी, भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या साथीने, तलावांतील बेशरम उपटले, तळ नांगरला, देशी पाणवनस्पती लावल्या. मासे कोणत्या वनस्पतीच्या आश्रयाला जातात हे ज्ञान त्यांचे स्वतःचे होते.

कायद्याचा आधारही आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील लहान जलाशयांचे नियोजन पंचायतींकडे सोपवले. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(घ) मध्ये जलाशयांतील मासळीवरील सामूहिक हक्क स्पष्ट नोंदला आहे. ज्या गडचिरोलीत मेंढा (लेखा) गावाने २००९ साली जंगलावरील सामूहिक हक्क मिळवला, तेथे तलावाचा हक्क मागणे अशक्य कसे मानावे?

यात एक अवघड गाठ आहे आणि ती झाकून चालणार नाही. धानाच्या शेवटच्या पाण्यासाठी शेतकऱ्याला तलाव रिकामा हवा असतो. मासळीच्या बियाण्यासाठी धीवराला तळाशी पाणी शिल्लक हवे असते. धीवर बहुधा भूमिहीन, म्हणून त्याचा आवाज क्षीण. ग्रामसभेच्या नावाने जमीनधारकांचेच राज्य चालू नये, यासाठी किमान पाणीसाठ्याचा ठराव, दुरुस्तीच्या आराखड्यावर धीवर सोसायटीची संमती आणि उथळ काठ राखण्याची अट या तीन मागण्या कार्यकर्त्यांनी एकत्र मांडल्या पाहिजेत. दोन गरिबांना एकमेकांपुढे उभे करून कंत्राटदार मोकळा राहतो. त्यांना एका पाळीवर बसवणे हेच पक्षाचे काम होय.