इथे कुणी राखीव बाकावर बसत नाही

कॅलिफोर्नियातल्या मराठी आई-बाबांनो, हायस्कूलच्या माउंटन बायकिंग टीमला ‘अभ्यासाचं नुकसान’ म्हणण्याआधी एवढं वाचा. १९९८ साली बर्कले हायस्कूलमध्ये गणिताच्या एका शिक्षकाने अशी टीम उभी केली. २००९ मध्ये त्यातूनच एनआयसीए ही राष्ट्रीय संस्था झाली. बास्केटबॉलच्या निवडीत बरीच पोरं गळतात. इथे राखीव बाकच नाही. मुलगा असो की मुलगी, सराव केला की शर्यतीत उतरायचं. गुडघे फुटतील, मान्य. पण हेल्मेट सक्तीचं आहे. खरी अडचण सायकलच्या किमतीची. गॅरेजमध्ये चांगली माउंटन बाइक पडून असेल तर टीमला द्या ना! आणि कॉलेजच्या अर्जासाठी नको, पोरांना डोंगर आवडतो म्हणून पाठवा.