रिटर्न माझं, ओटीपी बाबांच्या फोनवर

गेल्या वर्षी २८ जुलैला रात्री साडेनऊ वाजता मी दोहातल्या घरी बसून आयकराचं रिटर्न अपलोड केलं. तेव्हा कराडला बारा वाजले होते. शेवटची पायरी तेवढी राहिली होती, ई-व्हेरिफिकेशनची. आधारचा ओटीपी टाकायचा की काम संपलं. पण ओटीपी जाणार बाबांच्या फोनवर, आणि बाबा झोपलेले. म्हटलं, उद्या करू. अजून ३० दिवस हातात आहेत.

दोनच दिवसांनी बाबांना छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात नेलं. अँजिओप्लास्टी झाली. मी रजेची जुळवाजुळव करत होतो, आणि त्या गडबडीतच एका रात्री रिटर्नची आठवण झाली. बहिणीला फोन लावला आणि म्हटलं, "ताई, बाबांच्या फोनवर एक मेसेज येईल, त्यातला सहा आकडी नंबर वाचून दाखवतेस का?" ती आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर बसलेली. क्षणभर काही बोललीच नाही. मग म्हणाली, "तुला आत्ता हे सुचतंय?"

मला आजही त्या प्रश्नाला उत्तर देता येत नाही. विषय तिथेच सोडला. पुन्हा आठवण झाली ती ३ सप्टेंबरला, बाबा घरी येऊन अंगणात फिरायला लागल्यावर. तोवर ३० दिवसांची मुदत उलटून गेली होती. मुदतीनंतर व्हेरिफाय केलं की रिटर्न भरल्याची तारीख ही व्हेरिफाय केल्याची तारीख धरतात, म्हणजे माझं २८ जुलैचं रिटर्न ३ सप्टेंबरचं झालं. ३१ जुलैची अंतिम तारीख चुकली म्हणून १००० रुपये विलंब शुल्क लागलं. रक्कम मोठी नव्हती. पण मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलेला माणूस, दिवसभर दुसऱ्यांच्या लॉगिनच्या सिस्टिम बांधतो, आणि माझी स्वतःची ओळख मला पटवून देता येत नाही, हे लागलं.

आता हा नंबर बाबांचा का, ते सांगतो. आमच्या गावात आधारचं शिबिर लागलं, तेव्हा बाबांनी घरातल्या चौघांच्या अर्जांवर एकच मोबाइल नंबर लिहिला. त्या वेळी घरात सतत चालू असणारा फोन तोच होता. तुमच्याही घरी बहुधा असंच झालं असेल. पुढे मी पुण्याला गेलो, तिथून कतारला आलो. माझं जुनं सिम रिचार्जअभावी बंद पडलं. बाबांचा नंबर मात्र टिकला. मग आयकराच्या पोर्टलवर तोच, बँकेतही तोच. दर जुलैत आमचा ठरलेला कार्यक्रम. मी इथून बटण दाबायचं, बाबांनी चष्मा शोधायचा, आणि पंधरा मिनिटांच्या आत "आलाय बघ, लिहून घे" म्हणत आकडे सांगायचे.

याच मेसेजमध्ये लिहिलेलं असतं की हा ओटीपी कुणालाही सांगू नका. बँका, पोलिस, सरकार, सगळे आई-वडिलांना हेच बजावतात. आणि आपण, परदेशातली त्यांची शिकलेली मुलं, दर वर्षी त्यांना तो फोनवर सांगायला लावतो. उद्या आपला आवाज काढून दुसऱ्याच कुणी आकडे विचारले, तर त्यांनी नाही का म्हणावं? सवय आपणच लावलेली. ओटीपी तपासतो काय, तर फोन कुणाच्या हातात आहे एवढंच. माणूस कोण आहे, हे तो तपासत नाही. घरभर एकच नंबर असेल तर त्या तपासणीला काही अर्थच उरत नाही.

म्हणून यंदा मी आधी पोर्टलवरचं प्रोफाइल बदललं. प्राथमिक संपर्क म्हणून माझा स्वतःचा ईमेल आणि कतारचा, म्हणजे ९७४ ने सुरू होणारा नंबर टाकला. आयकराचं पोर्टल परदेशी नंबर घेतं, ही गोष्ट आपल्यापैकी कितीतरी जणांना माहीतच नाही. आधार मात्र घेत नाही, त्याचे मेसेज भारताबाहेरच्या नंबरवर येत नाहीत. त्यामुळे आधार ओटीपीचा रस्ता सोडून मी नेटबँकिंगमधून व्हेरिफाय केलं. बँकेच्या खात्यात लॉगिन करायचं, तिथून आयकराच्या पोर्टलवर जायचं आणि रिटर्न व्हेरिफाय करायचं. पाच मिनिटं लागली. फक्त त्याआधी नेटबँकिंगचा विसरलेला पासवर्ड मिळवायला तीन आठवडे गेले, कारण बँकेने नवा पिन पोस्टाने कराडच्या पत्त्यावर पाठवला! तेव्हा हे काम अगदी शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. २०२५ साली तारीख ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर झाली होती, पण पिन यायला लागणारा वेळ काही कुणी कमी केला नव्हता.

तिसरा रस्ता कागदाचा. आयटीआर-व्ही हे एक पान छापून, सही करून बेंगळुरूच्या ५६०५०० या पिनकोडला पाठवायचं. यात एक मेख आहे. पाकीट टाकल्याची नाही, तिथे पोचल्याची तारीख धरतात, आणि तीही ३० दिवसांच्या आत हवी. २०२२ च्या ऑगस्टपूर्वी १२० दिवस मिळायचे. दोहाहून टपाल किती दिवसांत जाईल याची खात्री कोण देणार?

प्रोफाइलबद्दल अजून एक. तुमचं रिटर्न सीए भरत असतील, तर एकदा स्वतः लॉगिन करून तिथे ईमेल कुणाचा आहे ते बघा. माझ्या ओळखीच्या दोघांच्या खात्यात सीएच्या ऑफिसचा ईमेल होता. त्यातल्या एकाला रिटर्न सदोष असल्याची नोटीस आली. ती दुरुस्त करायला १५ दिवस मिळतात. ही नोटीस त्याला चार महिन्यांनी कळली. सीएंचा हेतू वाईट नव्हता, शेकडो खाती सांभाळायची तर त्यांना ते सोयीचं पडतं. पण नोटीस आपल्या नावाने निघते.

नावाचं म्हणाल तर ते मराठी माणसाचं खास दुखणं आहे. आपलं नाव तीन तुकड्यांचं. पासपोर्टवर माझं आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात, आडनाव वेगळं. पॅनला तिघांसाठी तीन रकाने. आधारवर सगळं सलग, आणि शिबिरात टाइप करणाऱ्याला जसं ऐकू आलं तसं. बायकांचं तर विचारूच नका. माझ्या बायकोच्या पॅनवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, आणि बँकेत वडिलांचं नाव मधे ठेवून सासरचं आडनाव! कतारचं ओळखपत्र पासपोर्टवरून होतं, म्हणजे इथे ती चौथीच कुणीतरी. रिफंड फक्त आधी पडताळलेल्या खात्यात जमा होतो, आणि पडताळणीत पॅनवरचं व खात्यावरचं नाव जुळावं लागतं. तिचं जुळलं नाही. शेवटी पॅनच बदलून घेतलं, राजपत्रातल्या नावबदलाच्या नोंदीचा कागद जोडून. लग्नानंतर नाव बदलायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण बदलणार असाल तर सगळीकडे बदला, नाहीतर कुठेच नको. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचंही नाव लागणार आहे. निर्णय मला मनापासून आवडला. फक्त त्या चार नावांना पासपोर्ट, पॅन आणि बँक यांचे रकाने कसे सामावून घेणार, हे आताच ठरलं तर बरं.

बाकी नेहमीचे प्रश्न पटकन सांगून टाकतो, कारण मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत तेच विचारले जातात. अनिवासी माणसाला आयटीआर-१ चालत नाही, पगार-भाडं-व्याज असेल तर आयटीआर-२. एनआरई खात्यावरचं व्याज करमुक्त, एनआरओवरचं नाही, तिथे बँक ३१.२ टक्के कापते. २०२५ च्या बजेटनंतर "१२ लाखांपर्यंत कर नाही" म्हणून पेढे वाटले गेले, ती सवलत अनिवासींना लागू नाही. "कतारमध्ये इन्कम टॅक्स नाही, म्हणून आता इथला पगार भारतात दाखवायचा का?" हा २०२० पासूनचा प्रश्न. भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल आणि दुसऱ्या कुठल्याच देशात कर लागत नसेल, तर तुम्हाला निवासी मानण्याची तरतूद तेव्हा आली. पण आखाती देशांत नोकरी करून मिळवलेल्या पगाराला तिचा धक्का नाही, हा खुलासा सरकारने २ फेब्रुवारी २०२०ला, म्हणजे बजेटच्या दुसऱ्याच दिवशी केला होता.

खरा अडकला आहे तो माझा खेडचा मित्र. मित्र म्हणतो, पण वयाने मोठे आहेत, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. इंडस्ट्रियल एरियात इलेक्ट्रिशियन, कतारला येऊन चौदा वर्षं झाली. त्यांच्या एनआरओ ठेवीवर वर्षाला ६० हजार व्याज आलं, आणि बँकेने त्यातले १८,७२० रुपये कापले. दुसरं काही उत्पन्न भारतात नाही, त्यामुळे ही सगळी रक्कम परत मिळायला हवी. साधारण पावणेआठशे रियाल. इथलं किमान मूळ वेतन महिन्याला १००० रियाल आहे, त्यावरून हिशोब करा. मी त्यांचं रिटर्न भरायला बसलो आणि बघतो तर पॅन निष्क्रिय.

कारण साधं आहे. आधारशी जोडलेलं नाही म्हणून १ जुलै २०२३ पासून कोट्यवधी पॅनबरोबर तेही निष्क्रिय झालं. खरं तर अनिवासींना जोडणी सक्तीची नाही. पण तुम्ही अनिवासी आहात हे खात्याला माहीत कसं होणार? त्याच महिन्यात खात्याने खुलासा केला की ज्यांनी गेल्या तीन वर्षांत अनिवासी म्हणून रिटर्न भरलं, किंवा आपल्या असेसिंग ऑफिसरला कळवलं, त्यांची पॅन चालू ठेवली आहेत. अण्णांनी रिटर्न कधी भरलं नव्हतं, कारण भरण्याइतकं उत्पन्नच नव्हतं. म्हणजे ज्याला कर लागत नाही, तोच नेमका अडकला. निष्क्रिय पॅनवर रिटर्न भरता येतं, रिफंड मात्र मिळत नाही. एका एजंटाने त्यांना नवीन पॅन काढायचा सल्ला दिला होता. बरं झालं काढलं नाही, दोन पॅन बाळगण्याला १०,००० रुपये दंड आहे.

हेच अण्णा इथली सगळी सरकारी कामं मेट्राश ॲपवर स्वतः करतात. त्यांचं सिम त्यांच्या ओळखपत्राला जोडलेलं. जुन्या मेट्राशमध्ये अरबी-इंग्रजीबरोबर मल्याळमही होती, मराठी अर्थातच नव्हती, तरी त्यांचं अडलं नाही. परक्या देशात त्यांना आपण कोण हे सांगता येतं, आणि स्वतःच्या देशाला सांगायला मी लागतो.

पुन्हा असंही नाही की आपल्याकडे परदेशी नंबरवर विश्वास ठेवायची रीतच नाही. जानेवारी २०२३ मध्ये दहा देशांतल्या अनिवासींना तिथल्याच मोबाइल नंबरवर यूपीआय वापरायला परवानगी मिळाली, आणि त्या दहांत कतार आहे. माझ्या ९७४ च्या नंबरवरून कराडच्या भाजीवाल्याला पैसे देणं नियमात बसतं. मग त्याच नंबरवर आधारचा ओटीपी का येऊ नये? आणि आधार नकोच असेल, तर पासपोर्ट आहे. भारत सरकारनेच दिलेला, पोलिस पडताळणी झालेला. दोहातल्या आपल्या दूतावासात त्याचं नूतनीकरण होतं, कागद साक्षांकित होतात. तिथेच एका खिडकीवर पासपोर्ट दाखवून पॅनवरचा अनिवासी दर्जा नोंदवता आला, तर अण्णांसारख्यांचं काम एका सुट्टीच्या दिवसात होईल. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू, भाषा सोपी केली आहे म्हणतात. ही एक खिडकी त्याच्याबरोबर उघडावी, ही मागणी इथल्या सगळ्या मंडळांनी मिळून करायला हवी. पगारवाढीवर आपण तावातावाने बोलतो, यावरही बोलू.

गेल्या शुक्रवारी, १५ ऑगस्टला, अण्णांच्या खोलीवर बसून आम्ही पासपोर्टची सगळी पानं स्कॅन केली. येण्याजाण्याच्या शिक्क्यांची पानंसुद्धा, कारण भारतात किती दिवस होते ते त्यावरूनच मोजतात. असेसिंग ऑफिसर कोण, ते पोर्टलवर पॅन टाकून कळतं. अर्ज लिहून त्या ऑफिसला ईमेल केला. पोच अजून आलेली नाही. अण्णा गणपतीसाठी खेडला चाललेत, दहा दिवसांची रजा मिळाली आहे. पण पॅन काढलं तेव्हा ते परळला राहत होते, त्यामुळे त्यांचा ऑफिसर निघाला मुंबईचा. गौरी-गणपतीचं विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी धरून ते मुंबईला जाणार आहेत. अर्जाच्या दोन प्रती आणि सगळ्या झेरॉक्स मी त्यांच्या बॅगेत, कपड्यांच्या वर ठेवल्या आहेत.