देणारा कोण, ते आधी सांगा!

महानगरपालिकेच्या उमेदवाराने किती खर्च करावा याला मर्यादा आहे. त्याला कोणी किती द्यावे याला मात्र मर्यादा नाही. कायद्यातील ही फट बुजविण्याचे काम दिल्लीचे नव्हे, मुंबईच्या विधिमंडळाचे आहे.

१५ जानेवारी २०२६ रोजी उल्हासनगरच्या मतदारांनी महानगरपालिकेसाठी मतदान केले. एप्रिल २०२२ पासून महापालिकेचा कारभार प्रशासकाच्या हाती होता. जवळपास चार वर्षांच्या खंडानंतर शहराला लोकनियुक्त नगरसेवक मिळाले. ७८ जागांसाठीच्या या रणधुमाळीत शहाड स्थानकापासून कॅम्प १ च्या गल्ल्यांपर्यंत फलक, प्रचाररथ, ढोलताशे आणि मंडपांची रेलचेल झाली. या महापालिकेसारख्या ‘ड’ वर्गाच्या महापालिकांसाठी राज्य निवडणूक आयोगाने प्रत्येक उमेदवाराला ९ लाख रुपये खर्चाची मर्यादा घातली होती. बहुसदस्यीय प्रभागात चौघांचे पॅनेल एकत्र लढले, तर ही मर्यादा ३६ लाखांवर जाते. हा सारा डामडौल त्या मर्यादेत बसला की नाही, हा प्रश्न चौकाचौकांत विचारला जातो. त्याहून महत्त्वाचा प्रश्न मात्र कोणीच विचारत नाही. ते पैसे दिले कोणी?

छावणीचे शहर, वहीची संस्कृती

उल्हासनगर ही मूळची दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणी. फाळणीच्या वणव्यातून सर्वस्व गमावून आलेल्या सिंधी हिंदूंना येथे बराकींतून आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे ‘उल्हासनगर’ असे नामकरण झाले. हाती भांडवल नसताना या समाजाने उद्योग उभे केले, बाजारपेठा वसविल्या आणि स्वाभिमानाने संसार थाटले. ही किमया झाली ती कष्ट आणि पत यांच्या बळावर. पतीचा आधार म्हणजे वही. कोणाकडून किती घेतले आणि कोणाला किती द्यायचे, याची नोंद नसलेला व्यापारी या बाजारात चार दिवस टिकणार नाही. दिवाळीत लक्ष्मीबरोबर चोपडीचे पूजन होते, त्यामागचा भाव हाच आहे.

अशा शहराचा कारभार ज्यांच्या हाती सोपवायचा, त्यांच्या वहीत मात्र जमेची बाजू मतदारासाठी कोरी असते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांनंतर उमेदवाराला मालमत्ता व गुन्हे यांचे शपथपत्र द्यावे लागते. उमेदवाराच्या पत्नीजवळ किती तोळे सोने आहे, हे आज मतदाराला कळते. सभेच्या मंडपाचे पैसे कोणी दिले, हे मतदानापूर्वी कळत नाही. निवडणूक खर्चाचा हिशेब सादर होतो तो निकालानंतर. तोवर गुलाल उधळून झालेला असतो.

या मौनाची किंमत कोण मोजतो? उल्हासनगरात अनधिकृत बांधकामांचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. ८५५ इमारतींवर हातोडा पडण्याची वेळ आली, तेव्हा २००६ मध्ये राज्य सरकारला केवळ या एका शहरासाठी नियमितीकरणाचा वेगळा कायदा करावा लागला. मे २०२१ मध्ये पंधरवड्याच्या आत कॅम्प १ आणि कॅम्प २ मधील दोन इमारतींचे स्लॅब कोसळून दहाहून अधिक रहिवासी प्राणास मुकले. त्या इमारती कोणाच्या आशीर्वादाने उभ्या राहिल्या, हे पुराव्याविना सांगता येत नाही आणि सांगूही नये. परंतु असा पुरावा हाती येऊच नये अशी व्यवस्था कायद्याने ठेवली असेल, तर तो दोष कोणाचा? प्रचाराचा खर्च उचलणारा आणि बांधकामाची परवानगी मागणारा एकच आहे का, एवढे पाहण्याची सोय असती, तर निर्दोष नगरसेवकावर संशयाची सावली पडली नसती आणि दोषी नगरसेवकाला पुन्हा मत मिळाले नसते.

पळवाट कोणी खोदली?

हा रोग जुना आहे. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने राजकीय पक्षांना देणगी देण्याची तरतूद आपल्या घटनापत्रकात करून घेण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली, तेव्हा १९५७ मध्ये मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी परवानगी देतानाच लोकशाहीवरील धोक्याचा इशारा दिला होता आणि संसदेने यात लक्ष घालावे, असे सुचविले होते. संसदेने लक्ष घातले खरे, पण कसे? १९६९ मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने कंपन्यांच्या देणग्यांवर सरसकट बंदी घातली. पैसा थांबला नाही, तो पिशव्यांतून येऊ लागला. १९८५ मध्ये ही बंदी उठवावी लागली.

मधल्या काळात १९७४ साल येते. जनसंघाचे कंवरलाल गुप्ता यांनी काँग्रेसच्या अमरनाथ चावला यांच्या दिल्लीतील निवडीला आव्हान दिले होते. पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही उमेदवाराच्याच खात्यात धरला पाहिजे, असा स्वच्छ निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर १९७४ मध्ये दिला. त्याच महिन्यात सरकारने अध्यादेश काढून तो निकाल निष्प्रभ केला. उमेदवाराचा खिसा मोजायचा आणि पक्षाची तिजोरी मोजायची नाही, हा ढोंगीपणा त्या दिवशी कायद्यात बसला. वाजपेयी सरकारने २००३ मध्ये ही सूट बरीच आकुंचित केली आणि २० हजारांवरील देणग्यांची माहिती देणे पक्षांना बंधनकारक केले. मात्र पक्षाचा सर्वसाधारण प्रचार आजही उमेदवाराच्या मर्यादेबाहेरच आहे.

महाराष्ट्रालाही न्यायालयाने बजावले आहे. नागपूरच्या १९९१ च्या लोकसभा निवडणुकीवरून गजानन बापट विरुद्ध दत्ता मेघे हा खटला उभा राहिला. त्यात निवड कायम ठेवतानाही, पक्षांनी देणग्यांचा हिशेब न ठेवण्याची प्रथा चांगली नाही आणि त्यातून पैशाच्या प्रभावाने निवडणुकीचे पावित्र्य बिघडते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सुनावले. तीस वर्षे उलटली. कोणत्या पक्षाने ते मनावर घेतले?

घरचा आहेर

काँग्रेसकडे बोट दाखविणे सोपे आहे. परंतु राष्ट्रीय विचारांच्या कार्यकर्त्याने स्वतःच्या अंगणातही पाहिले पाहिजे. जून २०१३ मध्ये मुंबईत विनय सहस्रबुद्धे यांच्या निवडणूक सुधारणांवरील पुस्तकाच्या प्रकाशन समारंभात गोपीनाथ मुंडे यांनी २००९ च्या लोकसभा निवडणुकीत आपला ८ कोटी रुपये खर्च झाल्याचे सर्वांसमक्ष सांगितले. त्या वेळची मर्यादा २५ लाखांची होती. निवडणूक आयोगाने नोटीस धाडली, विरोधकांनी गदारोळ केला. मुंडे जे बोलले ते प्रत्येक पक्षाच्या नेत्याला ठाऊक होते. फरक इतकाच, की इतर सारे मूग गिळून बसले. खरे बोलणाऱ्याला नोटीस आणि खोटे लिहिणाऱ्याला खुर्ची मिळणार असेल, तर लोकप्रतिनिधीच्या कारकिर्दीचा पहिलाच कागद असत्याचा ठरतो.

निवडणूक रोख्यांचेही तसेच. २०१७ च्या अर्थसंकल्पात ही योजना मांडताना रोखीच्या काळ्या पैशाला आळा घालण्याचा हेतू सांगितला गेला आणि रोख देणगीची मर्यादा २ हजारांवर आणली गेली. हे पाऊल योग्य दिशेचे होते. मात्र त्याच वेळी कंपन्यांच्या देणगीवरील नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा काढली गेली आणि देणाऱ्याचे नाव मतदारापासून झाकले गेले. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ही योजना घटनाबाह्य ठरविली. पुढच्या महिन्यात यादी उघड झाली, तेव्हा एप्रिल २०१९ नंतरच्या काळात भारतीय जनता पक्षाला सहा हजार कोटींहून अधिक रुपये मिळाल्याचे दिसले. सर्वांत मोठ्या पक्षाला सर्वांत मोठी देणगी मिळणे हा गुन्हा नव्हे. पण ज्यात लपविण्याजोगे काही नाही, ते लपवायचे तरी कशासाठी?

विधिमंडळाला कोणी अडविले आहे?

लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुकांचा कायदा संसदेचा आहे. महानगरपालिकांचे तसे नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३ झेडए ने नगरपालिका व महानगरपालिकांच्या निवडणुकांविषयी कायदा करण्याचा अधिकार राज्य विधिमंडळाला दिलेला आहे. राज्य निवडणूक आयोगही दुबळा नाही. लेखापरीक्षित हिशेब सादर न करणाऱ्या १९१ पक्षांची नोंदणी त्याने २०१६ मध्ये रद्द केली होती. उणीव आहे ती इच्छाशक्तीची.

करावयाचे काय, हे अवघड नाही. एका व्यक्तीने वा संस्थेने एका उमेदवाराला जास्तीत जास्त किती द्यावे, याची मर्यादा ठरवावी. ठरावीक रकमेवरील प्रत्येक देणगीदाराचे नाव मतदानापूर्वी आयोगाच्या संकेतस्थळावर आणि प्रभाग कार्यालयाच्या फलकावर लावावे. पक्षाने प्रभागात केलेला खर्च पॅनेलमधील उमेदवारांच्या खात्यात वाटून धरावा. महापालिकेचे ठेकेदार आणि बांधकाम परवानगीचे अर्जदार यांच्या देणग्यांना सरळ बंदी घालावी. महापालिकेच्या ठेक्यात हितसंबंध असलेली व्यक्ती नगरसेवक होऊ शकत नाही, असे आजचा कायदा सांगतो. मग त्याच ठेकेदाराने नगरसेवक ‘उभा’ केलेला कसा चालतो?

नावे उघड झाली तर विरोधी पक्षाला देणारा व्यापारी सत्ताधाऱ्यांच्या सुडाला बळी पडेल, असा आक्षेप घेतला जातो. तो पोकळ नाही. म्हणूनच शंभर-पाचशे देणाऱ्या सामान्य हितचिंतकाचे नाव झाकलेले राहू द्यावे. अमेरिकेत एका निवडणुकीत २०० डॉलरहून अधिक देणाऱ्याचे नाव जाहीर होते, त्याखालील देणगीदाराला मोकळीक असते. कॅनडाने २००७ पासून राष्ट्रीय निवडणुकांत कंपन्या आणि कामगार संघटना यांच्या देणग्या पूर्णतः बंद केल्या. तेथील पक्ष नागरिकांच्या लहान देणग्यांवर चालतात. घरोघरी जाऊन निधी जमविणारा कार्यकर्ता या देशात आजही आहे. त्याची जागा कंत्राटदाराच्या पाकिटाने घेतली, तर पक्ष उरेल, संघटना उरणार नाही.

ठाण्याचे खासदार राहिलेले रामभाऊ म्हाळगी आपल्या कामाचा वार्षिक अहवाल छापून मतदारांच्या हाती देत असत. तसे करण्याची सक्ती त्यांच्यावर कोणत्याही कायद्याने केलेली नव्हती. म्हाळगींचे नाव घेणाऱ्या कार्यकर्त्यांची या जिल्ह्यात वाण नाही. कॅम्प १ च्या नव्या नगरसेवकांना कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. निवडणुकीत कोणाकडून किती घेतले, याची यादी प्रभागात लावण्यास त्यांना आजही कोणी अडविलेले नाही. पहिली यादी कोणत्या पक्षाच्या कार्यालयाबाहेर लागते, याकडे मतदारांनी लक्ष ठेवावे.