कोणत्या दुधासारखा?

थर्माकोलच्या विमानावर एअरब्रशने रंग मारायचा असेल तर तो 'दुधासारखा पातळ' करावा, असे ज्या गृहस्थाने प्रथम सांगितले त्याच्याविरुद्ध माझी लेखी तक्रार आहे. हा गृहस्थ कोण, कुठला, मला ठाऊक नाही. पण तो आमच्या खालापूर तालुक्यातला नव्हे, हे मी शपथेवर सांगतो. इथला असता तर त्याने आधी विचारले असते, "कोणत्या दुधासारखा?"

अहो, दूध म्हणजे काय एकच वस्तू आहे? सरकारी मानकच घ्या. डबल टोन्ड दुधात दीड टक्का स्निग्धांश, टोन्डमध्ये तीन, फुल क्रीममध्ये सहा. ही झाली पिशवीतली दुधे. त्यात गाईचे निराळे, म्हशीचे निराळे, आणि आमच्या आळीत पावसाळ्यात येते ते तर तिसरेच. त्यात म्हशीपेक्षा पाताळगंगेचा वाटा मोठा असावा असा माझा जुना संशय आहे. असल्या दुधासारखा रंग केला तर तो विमानावर टिकायचा नाही; सरळ नदीला मिळेल.

मी पदवीने बी.कॉम. आणि पोटाने बँकेतला कारकून. आमच्या काउंटरवर कोणी 'साधारण पाचशेसारखी रक्कम' असे लिहून स्लिप सरकवली, तर मी त्याला पाणी देऊन पंख्याखाली बसवीन. संध्याकाळी दोन रुपयांचा फरक लागला तर आम्हाला तो सापडेपर्यंत घरी सोडत नाहीत. पण हाच समाज रंगाच्या डब्यापाशी गेला की आकडा विसरतो आणि एकदम कवी होतो. दुधासारखा, ताकासारखा, सायीसारखा! रंग मारायचा आहे की श्रीखंड करायचे आहे?

आता थर्माकोलच्या विमानांशी बँकेचा काय संबंध, असे तुम्ही विचाराल. काही नाही. कोणी रविवारी पत्ते खेळतो, कोणी कर्जतपर्यंत जाऊन वडा खाऊन परत येतो, मी विमाने करतो. थर्माकोलमध्ये सुमारे अठ्ठ्याण्णव टक्के हवाच असते, म्हणजे उडण्याचे निम्मे काम त्याने आधीच केलेले. २०१८ साली राज्य सरकारने सजावटीच्या थर्माकोलवर बंदी घातली आणि गणपतीची मखरे गेली. पण टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातून तो घरात येतोच. त्याचे पंख कापायचे, खाली कचऱ्याच्या गाडीत जायचा तो वर आभाळात पाठवायचा. आळीतली चार-पाच मुले त्यासाठी रविवारी आमच्या ओट्यावर जमतात. घरचे मत असे, की इतका उत्साह माळ्यावरची जळमटे काढण्यात दाखवला तर बरे. तो विषय वेगळा.

एअरब्रश म्हणजे पेनाएवढी बंदूक. मागून कॉम्प्रेसरची हवा येते आणि पुढच्या छिद्रातून रंगाचे धुके उडते. हे छिद्र मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढे किंवा फार तर अर्ध्याएवढे. रंग जाड राहिला तर ते चोंदते, फार पातळ झाला तर पंखावर ओघळ उतरतात. म्हणून रंग किती पातळ करायचा हा सगळ्या खटाटोपाचा कणा आहे. आणि नेमक्या या कण्याच्या जागी आमच्या तज्ज्ञांनी म्हैस बांधून ठेवली आहे.

यातला एक तज्ज्ञ म्हणजे रंगाचा दुकानदार. नाव-गाव सांगत नाही. गिऱ्हाईक म्हणून मला परत तिथेच जायचे आहे. आमच्या ओट्यावरचा आठवीतला एक मुलगा सहा आठवडे पैसे साठवून त्याच्याकडे गेला. "विमानाला रंग द्या." दुकानदाराने विमान कशाचे आहे हे विचारले नाही. ऑइल पेंटचा डबा दिला, थिनरची बाटली दिली आणि वर मंत्र दिला, "दुधासारखा पातळ कर, बेटा." पोराने अगदी दुधासारखा केला. त्याच्या आईनेसुद्धा पाहून सांगितले की हो, दुधासारखाच झालाय. पहिला हात मारला आणि पंख डोळ्यांदेखत आत बसू लागला. मिठाच्या खड्यावर पाणी पडावे तसा. दहा मिनिटांत विमानाची चाळण झाली.

यात जादू नाही, रसायन आहे. थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन. टोल्युइन, अॅसिटोन, पेट्रोल यांत ते विरघळते, आणि रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या थिनरांत असलीच मंडळी वस्तीला असतात. दाबून फवारायच्या डब्यांतही बहुधा हेच. तेव्हा पहिला प्रश्न 'किती पातळ' हा नव्हेच. पहिला प्रश्न अंग कशाचे, दुसरा रंग कशातला, आणि मग तिसरा, किती पातळ. पहिले दोन न विचारता तिसऱ्याचे उत्तर देणे म्हणजे खाते न उघडता पासबुक भरून देणे.

आणि हे कुठे घडते पाहा. आमच्या तालुक्यात रसायनी आहे. नावातच रसायन! तिथे १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीचा कारखाना होता. इस्रोच्या अग्निबाणात इंधन जाळायला जे नायट्रोजन टेट्रॉक्साइड लागते, ते इथे होत असे. २०१७ साली केंद्र सरकारने इथले बाकीचे विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा हा एवढा विभाग इस्रोकडे सोपवायचे ठरले. म्हणजे ज्या तालुक्याने अग्निबाणाला रसद पुरवली, त्या तालुक्यात आठवीतल्या पोराला थर्माकोलवर कोणता रंग चालतो हे सांगणारा माणूस मिळत नाही!

पण माझे खरे भांडण पुढेच आहे. तो पोरगा उरलेला सांगाडा घेऊन दुकानात गेला. दुकानदाराने पाहिले आणि म्हणाला, "तुझा हात बसलेला नाही अजून."

बस्स. यासाठीच हा लेख. मंत्र याचा, डबा याचा, थिनर याचे, आणि हात पोराचा बसलेला नाही! ती उपमा इतकी सोयीची का, हे मला त्या दिवशी उमगले. 'दुधासारखा' हे कधी चुकतच नाही. काम जमले तर सांगणाऱ्याचे ज्ञान, फसले तर करणाऱ्याचा हात. आकड्याचे तसे नसते. 'दहा मिली रंगात सहा मिली पाणी' असे कोणी सांगितले आणि ओघळ आले, तर त्याला धरता येते. "काका, सहा जास्त झाले, पाच करा." आकडा चुकू शकतो, म्हणूनच तो सुधारता येतो. तो पोरगा त्यानंतर दोन रविवार ओट्यावर आला नाही. हात बसलेला नाही असे एकदा मनाने घेतले की हात खिशात जातो, तो लवकर बाहेर येत नाही.

यावर प्रतिपक्ष म्हणतो, "साहेब, कला अंदाजानेच येते. तुमच्या घरी आमटीत मीठ मोजून घालतात का?" नाही घालत. पण आमटी चाखता येते. रंग चाखून पाहणाऱ्याला मी अजून भेटलेलो नाही.

मग माझ्यापुढे पेणचे उदाहरण टाकतात. शेजारचाच तालुका, गणपतींचा गाव. तिथल्या कारखान्यांत मूर्तीचा अंगरंग आता फवाऱ्याने मारतात, डोळ्यांची आखणी तेवढी हाताने करतात. तिथे कोण सेकंद मोजतो? मी मुद्दाम एका जुन्या कारागिराला जाऊन विचारले. त्याने एक फवारा आधी पुठ्ठ्यावर मारला, तिरका धरून पाहिला, डब्यात थोडे पाणी घातले आणि म्हणाला, "माझं सोडा साहेब, माझं वय झालं यात. नवीन पोराला मी अंदाज सांगत नाही, वाटी सांगतो. अंदाज त्याचा त्याला येतो." ज्याच्या हातात खरोखर अंदाज आहे तो वाटी सांगतो. ज्याच्याकडे वाटी नाही तो अंदाज सांगतो.

तेव्हा माझी वाटी मी इथे जाहीर मांडतो. थर्माकोलला पाण्यातला अॅक्रिलिक रंग. तोही आधी कापलेल्या तुकड्यावर लावून, रात्रभर ठेवून पाहायचा. मोजायला सुईविना इंजेक्शनची सिरिंज. दहा मिली रंगात आधी चार मिली पाणी, मग एकेक मिली वाढवत जायचे. जुन्या नायलॉनच्या मोज्यातून गाळायचे. रंगाच्या कारखान्यांत पातळपणा मोजायला फोर्ड कप असतो. शंभर मिलीचा पेला, तळाला सुमारे चार मिलिमीटरचे भोक. तो किती सेकंदांत रिकामा होतो ते मोजतात. आम्ही खोकल्याच्या औषधाबरोबर येणाऱ्या कपाला दाभणाने भोक पाडले. तो आमचा खालापूर कप. जगाशी जुळत नाही, पण रोज स्वतःशी जुळतो, आणि हिशेबाला तेवढे पुरते. हवेचा दाब वीस पीएसआय. हे मी ओट्यावरून मोठ्याने म्हणालो तेव्हा समोरच्यांनी दार लावून घेतले; एवढे फौजदार कशाला येताहेत म्हणून.

वहीत 'हवा' असाही एक रकाना हवा. एप्रिलच्या उन्हात रंग सुईच्या टोकावरच वाळतो, जुलैत तो पंखावर तासन्‌तास ओला बसतो. एकच आकडा दोन्ही महिन्यांना चालत नाही. आणि 'वजन' हा रकाना तर हवाच. पाणी उडून जाते, रंग मागे राहतो. शेपटीवर एक ग्रॅम जादा बसला तर तोल साधायला नाकाशी दोन-तीन ग्रॅम भरावे लागतात. इतके व्याज आमची बँकसुद्धा लावत नाही. म्हणून हात हलका, थर पातळ, पहिला वाळल्यावरच दुसरा. खिडकी उघडी आणि नाकावर मास्क. रंग पाण्यातला असला तरी त्याचे धुके फुप्फुसासाठी नसते. थिनर दहा बाय दहाच्या बंद खोलीत उडवणाऱ्यांबद्दल तर मी बोलतच नाही. त्यांचे वारस बोलतील.

माझी मागणी फार नाही. डब्यावर मराठीत तीन ओळी छापा: हा रंग काय खातो, हा कशाने पातळ होतो, किती होतो. आणि जाणकारांनी पोरांना आकडा सांगावा. चुकीचा सांगितला तरी चालेल, पोरे तो दुरुस्त करतील.

तो पोरगा तिसऱ्या रविवारी परत आला. आता त्याची स्वतःची वही आहे. परवाची नोंद: 'रंग १० मिली, पाणी ६ मिली, खालापूर कप ११ सेकंद, हवा दमट, वजनवाढ ४ ग्रॅम, ओघळ नाही.' आमच्या शाखेत इतकी स्वच्छ नोंद मी क्वचित पाहिली असेल. ती वही घेऊन मी मुद्दाम त्या दुकानात गेलो. दुकानदाराने चष्मा चढवला, सगळे रकाने बोट ठेवून वाचले, दोनदा वाचले, आणि वही परत देत प्रसन्नपणे म्हणाला, "म्हणजे दुधासारखाच ना, साहेब?"