मुक्कामाची मदत

१९०१ च्या खानेसुमारीत बासीम, म्हणजे तेव्हाच्या वाशिम, जिल्ह्यात ३,५३,४१० माणसे भरली. आधीच्या मोजणीपेक्षा हा आकडा सुमारे ११ टक्क्यांनी कमी होता. मधल्या दहा वर्षांत वऱ्हाडाने दोन दुष्काळ पाहिले, १८९६-९७ चा आणि त्याहून भयंकर असा १८९९-१९०० चा. हा जिल्हा १९०५ मध्ये मोडून अकोला आणि यवतमाळमध्ये वाटला गेला. १ जुलै १९९८ रोजी वाशिम जिल्हा नव्याने झाला. जुन्या बासीमचा पश्चिम भाग पैनगंगेकडे उतरत जाणाऱ्या सुपीक जमिनीचा, तर पूर्वेकडे खुरट्या गवताच्या बुटक्या टेकड्या. आज वाशिम जिल्ह्यात असलेल्या मानोरा तालुक्याचा मुलूख या दुसऱ्या प्रकारातला. इथली हलकी जमीन पाऊस चार आठवडे लांबला तरी हात टेकते.

या टेकड्यांत बंजारा समाजाचे तांडे वसले आहेत. एके काळी दुष्काळी मुलखात धान्य पोहोचवण्याचे काम याच समाजाच्या बैलांच्या पाठीवरून होत असे. पुढे पक्के रस्ते झाले, १८६७ पर्यंत भुसावळ-नागपूर रेल्वे वऱ्हाडातून पार गेली आणि बैलांवरून माल वाहण्याचा हा लदेणीचा धंदा बसला. ज्यांनी इतरांच्या दुष्काळात धान्य वाहिले, त्यांच्यापैकी अनेकांना टेकडीच्या उतारावरच्या कोरडवाहू तुकड्यावर पोट भरायची वेळ आली. मानोऱ्यातल्या मदतकार्याचा विचार करताना हे आधी ध्यानात घ्यायला हवे. इथला गरजू माणूस मुळात हात पसरणारा नव्हता.

१९०० पर्यंतच्या त्या दोन दुष्काळांत सरकारी कामांवर खडी फोडून मजुरी मिळे, पण तिथवर चालत जाण्याचे बळ ज्यांच्यात उरले नव्हते त्यांचे काय? तिथे मिशनरी पोहोचले. वाशिमला अमेरिकन मेथॉडिस्टांचे ठाणे होते, अकोल्यात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे काम होते. दोन्ही मंडळींनी दुष्काळात अनाथ झालेली मुले सांभाळली. १९०० च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कहून ‘क्विटो’ नावाचे जहाज वर्गणीतून घेतलेला सुमारे पाच हजार टन मका घेऊन मुंबईकडे निघाले, आणि तो मका मिशनांमार्फत दुष्काळी भागांत वाटला गेला. या धान्याने जीव वाचले, हे नाकारण्याचे कारण नाही.

तितक्याच स्पष्टपणे दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे. अनाथाश्रमात आलेले मूल मिशनच्याच धर्मात वाढले. उपाशी मुलाला धर्म निवडता येत नाही, आणि ज्याच्या हातात भाकरी आहे त्याने त्या क्षणी श्रद्धेचा विषय काढणे हा उपाशी माणसावर अन्याय आहे, काढणाऱ्याचा हेतू कितीही निर्मळ असो. वऱ्हाड तेव्हाच्या मध्य प्रदेशात असताना, १९५४ मध्ये, न्या. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. शाळा, दवाखाने आणि अनाथाश्रम धर्मांतराचे साधन बनतात, असा ठपका तिने १९५६ च्या अहवालात ठेवला. ख्रिस्ती संस्थांना तो मान्य झाला नाही. वाद आजही शमलेला नाही. आमचे मत असे की शंका अकारण नव्हती, पण त्या शंकेच्या भरात मिशनऱ्यांच्या कामाचा सर्वांत मोलाचा भाग आपल्याकडून पाहायचा राहून गेला. तो भाग म्हणजे त्यांचा रोजचा दिनक्रम.

धान्य वाटण्याचे दिवस थोडे असत. एरवी हा परदेशी माणूस आधी पंडिताकडे बसून मराठी शिके, परीक्षा देई. पाऊस सरला की बैलगाडीत तंबू आणि औषधांची पेटी टाकून गावोगाव मुक्काम करी. तापाला क्विनाइन, खरजेला गंधकाचे मलम, डोळ्यांना औषध. पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटा बंद, म्हणून ठाण्यावरच शाळा नि दवाखाना. पुरुषाला जिथे प्रवेश नसे अशा घरांत स्थानिक ख्रिस्ती बाया जात, चुलीजवळ बसत, बाळंतिणीची विचारपूस करत. या बायांची नावे इतिहासात फारशी आली नाहीत, याचे वाईट वाटते, कारण गावाचा विश्वास बसला तो त्यांच्यामुळे.

याच चिकाटीतून वाशिमचे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल उभे राहिले. मेथॉडिस्टांनी सोडलेले ठाणे १९३० च्या दशकात नाझरीन मिशनने घेतले. १९३६ मध्ये डॉ. ऑर्फा स्पायकर अमेरिकेहून आल्या आणि १९३८ मध्ये मिशनच्या जुन्या शाळेच्या इमारतीत त्यांनी रुग्णालय सुरू केले. पुढची अनेक दशके त्या तिथेच राहिल्या, आणि सोबत परिचारिकांचे शिक्षणही सुरू झाले. मक्याच्या पोत्याने माणूस महिनाभर तगतो. गावाकडची मुलगी परिचारिका झाली तर तिच्या हातून किती बाळंतपणे सुखरूप पार पडतील!

दुष्काळात मदत देणाऱ्याच्या मर्जीवर जगणे मात्र कोणाच्याही वाट्याला येऊ नये, आणि त्यावरचा उतारा याच मातीतून निघाला. मानोऱ्याला लागून असलेल्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक, बंजारा समाजातले, १९७२ च्या दुष्काळात मुख्यमंत्री होते. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना त्या दुष्काळात राज्यभर राबवली गेली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. काम मागणे हा मजुराचा हक्क ठरला. देशव्यापी कायदा व्हायला २००५ साल उजाडले. दयेचे रूपांतर हक्कात करणारी ही वाट कोणत्याही अन्नछत्रापेक्षा लांबवर जाते. तरीही कायदा बाळंतिणीच्या उशाशी बसत नाही. त्यासाठी तिची बोली जाणणारे माणूस लागते.

ते माणूस बाहेरूनच यावे असे नाही. मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे. संत सेवालाल महाराजांच्या समाधीमुळे ही बंजारा समाजाची काशी. तिथले संत रामराव महाराज २०२० मध्ये निवर्तले, तोवर ते तांड्या-तांड्यांतून फिरत राहिले. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. लाखोंची श्रद्धा जिथे एकवटते, तिथून तांड्यावर मुक्कामी जाणारे शिक्षक आणि परिचारिका तयार व्हाव्यात, ही अपेक्षा अवास्तव नाही.

गरज नेमकी कुठे आहे, हेही दिसते आहे. दिवाळीच्या आगेमागे तांड्यांवरची कुटुंबे ऊसतोडीला किंवा शहरांतल्या बांधकामांवर निघतात, ती उन्हाळ्यातच परततात. पोरांची शाळा मध्येच तुटते, घरी म्हातारी माणसे उरतात. राज्याची हंगामी वसतिगृहाची योजना अशा मुलांसाठीच आहे, पण कुटुंब निघून गेल्यावर मंजुरी आली तर तिचा उपयोग नाही. तांड्यांवरची यादी पोळ्याच्या सुमारासच व्हायला हवी. ती करायला दारोदार जावे लागेल, कोण जाणार आणि कोण राहणार हे विचारावे लागेल, आणि मागे राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या सहा महिने कोण पोहोचवणार, हेही त्याच वेळी ठरवावे लागेल. पंचायत समितीने आणि मानोऱ्यात काम करू इच्छिणाऱ्या प्रत्येक संस्थेने, मग ती कोणत्याही धर्माची असो, यंदा मदतीच्या किट वाटण्याआधी हे एवढे काम हाती घ्यावे.