जनावराची नजर गेली? डोळ्यांआधी पाण्याचा हौद बघा

गाय अचानक गव्हाणीला धडकू लागली, भिंतीला डोके लावून उभी राहिली, तर आपण आधी काय करतो? तिच्या डोळ्यांत थेंब घालतो. माझे मत असे, की त्याआधी हौदाकडे जावे. काल-परवा तिला पाणी मिळाले होते का, ते विचारावे.

मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. गाय, घोडा किंवा डुक्कर यांच्या पोटात किलो वजनामागे सुमारे २.२ ग्रॅम मीठ एकदम गेले, तर जीवावर बेतू शकते. पण पाणी भरपूर असेल, तर जादा मीठ लघवीवाटे निघून जाते. पाणी तुटले, की रोजच्या आंबोणातले मीठही बाधते.

रक्तात सोडियम वाढले, की ते मेंदूच्या पेशींतले पाणी ओढून घेते. दोन-तीन दिवसांत मेंदू स्वतःतही क्षार साठवून तग धरतो. अशा तहानलेल्या जनावरासमोर आपण दयेपोटी भरलेली बादली ठेवतो. ते घटाघटा पिते, रक्त पातळ होते आणि पाणी मेंदूत शिरते. मेंदूला सूज येते. कवटीत जागा नसल्याने मेंदू दाबला जातो आणि त्यातला दृष्टी समजणारा भागही निकामी होऊ लागतो. बॅटरीचा उजेड पाडला तर बाहुली आकसते, पण जनावराला दिसत नाही. कारण बिघाड डोळ्यात नसून मेंदूत आहे. शिसे पोटात गेले किंवा ब-१ जीवनसत्त्व कमी पडले, तरी असेच दिसते. म्हणून पशुवैद्यकाला लगेच बोलवा आणि पाणी तुटले होते हे आवर्जून सांगा.

तोवर पाणी द्या, पण थोडे थोडे. दर तासाला वजनाच्या अर्धा टक्का, म्हणजे ४०० किलोच्या गाईला २ लिटर. कुत्र्याने काही विषारी खाल्ले म्हणून उलटीसाठी त्याला मिठाचे पाणी पाजू नका. त्यानेच त्याचे सोडियम वाढते.

चाटण वीट काढून टाका, असे मी म्हणणार नाही. जनावराला मीठ लागतेच. पण ज्या गोठ्यात वीट टांगली आहे, तिथला हौद एक दिवसही कोरडा राहता कामा नये. टँकरची वाट पाहणाऱ्या गावात हे सोपे नाही, हे मला कळते. अशा वेळी पाणी येईपर्यंत वीट उतरवून ठेवा. तेवढे तर आपल्या हातात आहे.