सालीची कैफियत

इटलीच्या सहलीहून परतलेल्या आपल्या मंडळींच्या दिवाणखान्यात अलीकडे एक बाटली हटकून दिसते. कधी ती त्या देशाच्या नकाशासारखी, म्हणजे बुटाच्या आकाराची असते. कधी तिच्या अंगावर टपोऱ्या लिंबांचे आणि निळ्या समुद्राचे चित्र असते. आतले द्रव्य काचेसारखे नितळ आणि हळदीसारखे पिवळेजर्द. फराळाला आलेल्या पाहुण्यांना ती कौतुकाने दाखविली जाते आणि ‘हे खास तिथले लिमोनचेल्लो बरे का!’ असे सांगितले जाते. माझे म्हणणे असे की, या बाटलीत बहुधा सारे काही असते. फक्त ‘तिथले’ म्हणावे असे काही नसते. ही तक्रार केवळ चवीपुरती असती तर सणासुदीच्या दिवसांत मी ती उकरून काढली नसती.

‘दिवाळी अंकात मद्याची चर्चा?’ असे म्हणून काही वाचकांच्या भुवया एव्हाना वर गेल्या असतील. त्यांनी त्या खाली घ्याव्यात. ज्यांना मद्य वर्ज्य आहे त्यांनी ते वर्ज्यच ठेवावे. कोणाच्या ओठाला पेला लावण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. पण जी वस्तू स्वयंपाकघरात, एक सुरी आणि एक बरणी यांच्या बळावर जन्माला येते, तिच्याविषयी बोलण्याचा अधिकार पिढ्यान्‌पिढ्या लोणची घालणाऱ्या समाजाला नसेल तर कोणाला असणार?

नेपल्सच्या दक्षिणेस समुद्रात घुसलेले सोरेन्तोचे भूशिर, त्याच्या पलीकडच्या अंगाचा अमाल्फीचा किनारा आणि समोरचे काप्री बेट, हा या पेयाचा मुलूख. तिन्ही ठिकाणचे लोक मूळ शोध आपलाच असे छातीठोकपणे सांगतात. त्या भांडणात आपण पडू नये. घरगुती पदार्थाचा जन्मदाखला कोणाजवळच नसतो.

आता कृती. पहिलीच गोष्ट ऐकून आपल्या गृहिणी चमकतील: यात लिंबाच्या रसाचा एक थेंबही पडत नाही. सारा खेळ सालीचा. ना औषध फवारलेली, ना मेण चोपडलेली अशी दहा-बारा मोठी लिंबे घ्यायची आणि त्यांची वरची पिवळी साल तेवढी हलक्या हाताने सोलायची. खालचा पांढरा थर सुरीबरोबर आला की कडूपणा आलाच. ही साल एक लिटर मद्यार्कात बुडवून बरणी अंधाऱ्या फडताळात ठेवायची. हा मद्यार्क शंभरात पंच्याण्णव-शहाण्णव भाग शुद्ध असतो, घरगुती पेयांसाठीच विकला जातो आणि इटलीत तो साध्या किराणा दुकानातही मिळतो. घरी भट्टी लावायला तिथेही बंदी आहे. पण ही भट्टी नव्हेच. याला आपल्या भाषेत नेमका शब्द आहे: मुरविणे. कोणी आठवडाभर मुरवितो, कोणी महिनाभर. साल पांढुरकी आणि कडक झाली, की तिने आपले सर्वस्व दिले असे समजायचे. मग सव्वा लिटर पाण्यात सहा-सातशे ग्रॅम साखरेचा पाक करून, तो पूर्ण निववून, गाळलेल्या अर्कात ओतायचा आणि पुन्हा काही दिवस बरणीला हात लावायचा नाही. एवढेच. जेवण झाल्यावर बर्फासारखे थंडगार असे अंगठ्याएवढ्या पेल्यातून द्यायचे.

पाक ओतताक्षणी एक गंमत होते. इतका वेळ नितळ असलेला अर्क एकाएकी ढगाळतो. सालीतले सुगंधी तेल मद्यार्कात विरघळते, पाण्यात विरघळत नाही. पाणी येताच ते बारीक बारीक थेंबांनी वेगळे होते. फ्रान्समधील ग्रेनोबल येथे न्यूट्रॉनचे किरण सोडून या थेंबांची मापे घेण्यात आली आणि २०१८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. मिलिमीटरच्या दहा हजाराव्या हिश्शाच्या आसपासचे हे थेंब आहेत, आणि म्हणूनच ते तरंगून वर न येता तसेच राहतात. सोरेन्तोच्या आजीबाईंना हे आकडे ठाऊक नव्हते. पेला उजेडासमोर धरावा, पलीकडचे अंधुक दिसले म्हणजे लिंबाचे तेल आत आहे, एवढे मात्र त्यांना ठाऊक होते. आपल्या दिवाणखान्यातल्या त्या पिवळ्याजर्द बाटलीतून पलीकडचे वर्तमानपत्र वाचता येत असेल, तर साल तिच्यात किती आणि कशी पडली असेल याचा ज्याने त्याने विचार करावा. बाटली उलटी करून मागचा मजकूरही वाचावा. रंगद्रव्याचा उल्लेख तिथे बारीक अक्षरांत सापडण्याचा संभव बराच आहे. अस्सल साल रंग देते तो फिकट, किंचित हिरवट, आणि उन्हात ठेवला तर उडून जाणारा.

हे असे का होते? नाव मोकाट सुटले म्हणून. काप्रीच्या एका व्यापाऱ्याने १९८८ मध्ये आपल्या मालासाठी या नावाची नोंदणी केली, आणि पुढच्या काही वर्षांत या घरगुती बरणीचा जगभर बाजार झाला. आज ‘लिमोनचेल्लो’ हा नुसता शब्द कोणीही, कोणत्याही लिंबापासून केलेल्या पेयावर छापू शकतो. युरोपच्या कायद्याने संरक्षण दिले आहे ते ‘सोरेन्तोच्या लिंबाचे मद्य’ आणि ‘अमाल्फी किनाऱ्याच्या लिंबाचे मद्य’ अशा लांबलचक नावांना. तिथल्या लिंबांनाही तसेच संरक्षण आहे. सोरेन्तोच्या लिंबाला ते २००० मध्ये मिळाले, अमाल्फीच्या लिंबाला २००१ मध्ये. पण प्रवासी लांब नाव वाचीत नाही. तो चित्र पाहतो.

त्या चित्रातच खरा अन्याय आहे. अमाल्फीचे लिंबू टकळीच्या चातीसारखे दोन्हीकडे निमुळते. ‘स्फुसातो’ हे त्याचे नावही चातीवरूनच पडले आहे. ते पिकते समुद्रावर उभ्या कोसळणाऱ्या डोंगरात, एकावर एक रचलेल्या अरुंद पायऱ्यांच्या शेतात. या पायऱ्यांना चुना नाही, सिमेंट नाही. दगडावर दगड बसवून उभ्या केलेल्या ताली आहेत. झाडांवर चेस्टनटच्या लाकडाचे मांडव घालतात आणि थंडीवाऱ्यात त्यांवर आच्छादन टाकतात. ट्रॅक्टर तिथे चढत नाही. एके काळी लिंबांच्या जड पाट्या पाठीवर घेऊन शेकडो पायऱ्या उतरणाऱ्या बायकांना तिथे ‘मुंगळ्या’ म्हणत. मायोरी आणि मिनोरी या दोन गावांमधली त्यांची वाट आता प्रवाशांचे फिरण्याचे ठिकाण झाली आहे, पण माल अजूनही पुष्कळसा माणसाच्या खांद्यावरूनच उतरतो. हा सारा किनारा १९९७ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. यादीत नाव आल्याने ताल उभी राहत नाही. ती दर पावसाळ्यानंतर कोणीतरी पुन्हा रचावी लागते, आणि रचणाऱ्याला लिंबाचा भाव मिळाला तरच तो रचतो. नाही तर त्याचा मुलगा खाली हॉटेलात नोकरी धरतो, मळा ओस पडतो, ताल ढासळते आणि एखाद्या पावसात डोंगराचा तुकडा रस्त्यावर येतो. ओस पडलेले असे मळे त्या किनाऱ्यावर थोडे नाहीत. ज्या बाटलीवर या मळ्यांचे चित्र आहे आणि ज्या बाटलीत यांचे एकही लिंबू नाही, ती या माणसांच्या चेहऱ्यावर पैसे मिळविते आणि त्यांना एक छदामही देत नाही. घरी बरणी घालणारी बाई मात्र खालच्या आळीतल्या शेतकऱ्याकडून, त्याचे नाव घेऊन, साल चांगली पाहून लिंबे आणते. न फवारलेली साल तिला हवीच असते, कारण जे फवारले जाईल ते प्रथम तिच्याच बरणीत उतरेल.

यावर नेहमीचा आक्षेप येतो की, घरी करायला वेळ कोणाला आहे? हा आक्षेप खोटा आहे. माणसाचे काम अर्ध्या-पाऊण तासाचे; बाकीचे दिवस बरणी काम करते, आपण नव्हे. आपल्याजवळ नाही तो वेळ नव्हे. वाट पाहण्याची तयारी नाही.

आणि म्हणूनच ‘दोन दिवसांत लिमोनचेल्लो’ अशा झटपट कृती मराठीतूनही सांगितल्या जाऊ लागल्या आहेत, त्यांना माझा जास्तच विरोध आहे. आपले कागदी लिंबू रसाला अजोड, पण त्याची साल नावाप्रमाणेच कागदासारखी. तिचा वासही वेगळा, सोलायला गेले तर हाती पांढरा भाग येतो. परदेशी म्हणून मिळणारी पिवळी लिंबे बहुधा मेणाने चमकविलेली. उरला मद्यार्क. इथे थट्टा बाजूला ठेवून सांगतो: रंगाच्या दुकानातले किंवा कारखान्यातले स्पिरिट म्हणजे तो मद्यार्क नव्हे. त्यात मिथेनॉल असू शकते, आणि मिथेनॉल प्रथम डोळे नेते, मग प्राण. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला त्याने शंभराहून अधिक माणसे मारली. परवान्याशिवाय घरी मद्य करायला बसणाऱ्याने १९४९ चा दारूबंदी कायदाही आधी वाचून घ्यावा.

मग आपण काय करायचे? सालीची पारख आपल्याला परक्यांनी शिकवायला नको. ज्या पहाटे हा अंक तुमच्या हाती पडेल, त्याच पहाटेच्या उटण्यात नागरमोथा, वाळा, कचोरा, आंबेहळद यांच्या जोडीला वाळविलेली संत्र्याची साल असते, निदान असायची. आता उटण्याचेही पाकीट येते, आणि त्यालाही वास आहे, रंग आहे, वर पणतीचे चित्र आहे. ते दारावर येते आदल्या दिवशी. साल मात्र आठ महिने आधी वाळवावी लागते. विदर्भातला मृग बहार फाल्गुनाच्या सुमारास उतरतो. तेव्हाची संत्री सोलताना साल केराच्या टोपलीत न टाकता सुपात पसरावी, सावलीत कडकडीत वाळवावी, कुटून वस्त्रगाळ करावी आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरून डब्यावर महिना लिहून ठेवावा.